पाठकोऱ्या प्रेसनोटा

नमस्कार काका,

जनसंपर्काच्या अभ्यासक्रमावरच्या माझ्या लेखाला तुमची सणसणीत प्रतिक्रिया आली. बाकीच्या वाचकांसाठी ती थोडक्यात सांगते. काकांनी नागपुरात तीस वर्षं वार्ताहरकी केली. त्यांचं म्हणणं असं, की गोड बोलणं, पत्रकारांना समोसा खिलवणं आणि साहेबाचा फोटो छापून आणणं एवढ्यासाठी विद्यापीठात दोन वर्षं कशाला घालवायची? हा धंदाच मुळी खोट्याला इस्त्री करण्याचा. आणि टेबलावर येणाऱ्या प्रेसनोटांचा त्यांना एकच उपयोग होता, पाठकोऱ्या बाजूवर बातमी लिहिणं.

हे शेवटचं वाचून मी मोठ्यानं हसले. मग जरा लागलंही, कारण त्या गठ्ठ्यात एखादी माझी असणार.

आधी खोटेपणाचं. तिथं मी भांडत नाही, उलट तुमच्या हातात आणखी एक दगड देते. आम्हाला पहिल्याच सत्रात आयव्ही ली शिकवला, जनसंपर्काच्या धंद्याच्या सुरुवातीच्या काळातला अमेरिकी माणूस. १९०६ साली अमेरिकेत अटलांटिक सिटीजवळ रेल्वेचे डबे पुलावरून पाण्यात पडले, पन्नासहून जास्त माणसं गेली. रेल्वे कंपन्यांची तोवरची रीत म्हणजे अपघात दाबायचा. लीनं पेनसिल्व्हेनिया रेल्वेला उलटं करायला लावलं. कंपनीनं स्वतः निवेदन काढलं, वार्ताहरांना जागेवर नेलं. पहिली प्रेसनोट म्हणून त्या निवेदनाचंच नाव घेतात. त्याच वर्षी त्यानं वर्तमानपत्रांना लिहून दिलं, की आमचं काम उघड्यावर चालेल आणि माहिती खरी असेल. हाच माणूस १९१४ मध्ये, अमेरिकेतल्याच लडलोच्या संपकरी खाणकामगारांवर गोळीबार झाल्यावर, खाणमालक रॉकफेलरांसाठी पत्रकं काढत होता आणि त्यात कामगार पुढाऱ्यांच्या मिळकतीचे आकडे फुगवलेले निघाले. दोन्ही गोष्टी एकाच तासाला शिकवल्या. मागच्या बाकावरून कुणीतरी विचारलं, 'मग सर, हा चांगला की वाईट?' सर म्हणाले, 'परीक्षेत फक्त पहिला अर्धा विचारतात.'

त्या उत्तरात तुमच्या अर्ध्या टीकेला माझी कबुली आहे. व्याख्या पाठ करा, टिपा लिहा, नोट्सच्या झेरॉक्स काढा, असं बरंच झालं. अख्ख्या वर्षात आम्ही प्रेसनोट लिहिली फक्त दोनदा, तीही एका काल्पनिक वृक्षारोपणाची. कोणत्या विभागात, ते सांगत नाही. त्या विभागाची बाजू मांडायला इथं कुणी नाही.

पण विषयच पोकळ आहे, हे मला मान्य नाही. जनसंपर्काचे आणखी एक आद्य अमेरिकी जाणकार एडवर्ड बर्नेज यांनी न्यूयॉर्क विद्यापीठात जनसंपर्काचा अभ्यासक्रम शिकवायला घेतला तो १९२३ मध्ये. आपलं नागपूर विद्यापीठही त्याच सालचं. पुढं १९८४ मध्ये ग्रुनिग आणि हंट या अभ्यासकांनी या कामाचे चार नमुने मांडले. पहिल्यात नुसता गाजावाजा. दुसऱ्यात माहिती देणं. तिसऱ्यात लोकांचा कल आधी जाणून घ्यायचा आणि मग त्यांना आपल्याकडं वळवायचं. चौथ्यात मात्र संस्थेनंही बदलायची तयारी ठेवायची. तुम्हाला तीस वर्षांत भेटले ते बहुतेक पहिल्या नमुन्यातले. समोसेवाले.

चौथा नमुना पुस्तकात वाचून मला काडीचा कळला नव्हता. बदलायचं तर आधी लोकांचं ऐकायला हवं, म्हणून तान्ह्या पोळ्याच्या दिवशी सरांनी आम्हाला वह्या घेऊन मारबतीच्या, म्हणजे नागपुरातल्या मोठाल्या पुतळ्यांच्या, मिरवणुकीत धाडलं. काळी-पिवळी मारबत सगळेच बघतात. आम्हाला बडग्यांवरच्या, म्हणजे सोबतच्या टीका करणाऱ्या पुतळ्यांवरच्या, पाट्या वहीत उतरवून आणायच्या होत्या. महागाई, खड्डे, विजेचं बिल, कुणावर किती राग, सगळं मोठ्या अक्षरांत. 'घेऊन जा गे मारबत' म्हणत लोक वर्षभराचा संताप वाजतगाजत नेतात आणि जाळतात. एवढं जनमत फुकटात दुसऱ्या कुठल्या शहरात मिळतं, असं सरांचं म्हणणं. मिरवणुकीत माझी चप्पल गेली, वही तेवढी शाबूत राहिली.

मग इंटर्नशिप. एका खासगी रुग्णालयात. मे महिना, ऊन पंचेचाळिशीला टेकलेलं. नव्या इमारतीची दणदणीत प्रेसनोट कर, एवढंच मला सांगितलं होतं. लिहिण्याआधी विचारायचं ही वर्गातली खोड, म्हणून मी तीन दिवस सकाळी केसपेपरच्या खिडकीसमोरच्या बाकड्यावर बसले. भंडारा, गोंदिया, ब्रह्मपुरीकडची माणसं पहाटेच्या एसटीनं सहालाच येऊन बसत. पाटीवर लिहिलेलं, ओपीडी नऊ ते एक. डॉक्टर यायचे साडेदहाला. मधला दीड तास का जातो, हे कुणी कुणाला सांगत नव्हतं. एका आजीनं टोकन पदराच्या टोकाला गाठ मारून बांधलं होतं. दर पाच-दहा मिनिटांनी गाठ सोडायची, मला नंबर वाचायला लावायची, 'माहा नंबर गेला तं नाही नं जी?' म्हणायची आणि पुन्हा गाठ मारायची. पाणी प्यायलाही उठली नाही, कारण उठलं की नंबर गेला.

नवी इमारत तिला दिसतही नव्हती.

मी व्यवस्थापकांना जाऊन सांगितलं, की पाटीवरची वेळ खरी लिहा आणि चालू नंबर खडूनं फळ्यावर टाका. ते म्हणाले, साडेदहा लिहिलं तर लोक म्हणतील डॉक्टर उशिरा येतात. मी म्हटलं, तसंही म्हणतातच, फक्त तुमच्यासमोर म्हणत नाहीत. अकरा दिवस लागले एका फळ्याला. त्यानंतर खिडकीवरची भांडणं कमी झाली. आजी पुन्हा आली तेव्हा टोकन हातात होतं आणि ती खाली नळावर गेली होती. याची बातमी कुठंच आली नाही. यायचं कारणही नव्हतं. माझ्या अहवालात 'प्रसिद्ध कात्रणे' या रकान्यात 'निरंक' लिहावं लागलं आणि त्याचे गुण कापले गेले.

कात्रणांचं हे खूळ तुम्हीही पाहिलं असेल. किती कॉलम सेंटीमीटर छापून आलं ते मोजायचं, तेवढ्या जागेच्या जाहिरातीचा दर लावायचा आणि साहेबाला सांगायचं, बघा, एवढ्या लाखांची प्रसिद्धी फुकट मिळवली. हा हिशेब जनसंपर्काचं मोल दाखवत नाही, हे या धंद्यातल्याच लोकांनी २०१० मध्ये बार्सिलोनाला जमून लिहून काढलंय. आपल्याकडं अजून फूटपट्टी चालूच आहे. रागवायचं तर फूटपट्टीवर रागवा, मी तुमच्या बाजूनं उभी राहीन.

नागपुरात नोकऱ्या कमी, हे खरं. माझ्या वर्गातले बरेच जण पुण्या-मुंबईला गेले. मूळ लेखात मी 'दोन वर्षांत जनसंपर्क येतो' असं लिहिलं होतं, ते वाक्य आज काढून टाकलं. ते थापच होतं.

आता एक मागणं. तुमच्या त्या पाठकोऱ्या गठ्ठ्यातलं काही माळ्यावर उरलंय का? महिन्यातून दोनदा मी मुलांना प्रेसनोट शिकवते. न छापल्या गेलेल्या नोटा माझ्याकडं एकही नाहीत, सगळे छापून आलेल्याच जपून ठेवतात. तुम्ही म्हणाल तेव्हा घरी येऊन घेऊन जाईन. मागच्या बाजूला तुम्ही लिहिलेली बातमी असेल तर तीही राहू द्या. एकाच कागदाच्या दोन्ही बाजू मुलांना एकदम दाखवता येतील.