आजोबांना "हवं तेवढं बरोब्बर" का ऐकू येतं?

"त्यांना ना, हवं तेवढं बरोब्बर ऐकू येतं!" ज्या घरात हे वाक्य रोज ऐकू येतं, तिथल्या निम्म्या कुरबुरींचं मूळ म्हाताऱ्या माणसाच्या स्वभावात नसतं, कानात असतं. माझं हे मत ठाम आहे.

वयानुसार ऐकू कमी येतं म्हणजे सगळेच आवाज सारखे बारीक होत नाहीत. आतल्या कानात उंच पट्टीचे आवाज टिपणाऱ्या पेशी आधी झिजतात. आ, ओ, ऊ या स्वरांचा जोर खालच्या पट्टीत असतो, तो शाबूत राहतो. स, श, फ, त, क यांची ओळख पटते ती मुख्यतः २००० ते ८००० हर्ट्झच्या (सेकंदाला तितकी कंपनं, म्हणजे उंच) पट्ट्यात, आणि नेमकी तीच पुसट होते. थोडक्यात, आवाज पोचतो पण शब्द पोचत नाही. म्हणून आजोबांना आपला कान कमी झालाय असं वाटतच नाही. त्यांना वाटतं, हल्ली सगळे तोंडातल्या तोंडात बोलतात. घरच्यांना वाटतं, हे मुद्दाम करतात. दोघंही आपापल्या अनुभवाशी प्रामाणिक असतात, म्हणूनच भांडण मिटत नाही.

त्यातली सगळ्यात बोचरी गोष्ट म्हणजे "मुलाचं ऐकू येतं, सुनेचं येत नाही." बाईचा आवाज एकूणच पुरुषापेक्षा वरच्या पट्टीचा, लहान मुलांचा त्याहून वरचा, आणि आजोबांचं कमी झालेलं असतं ते वरच्याच पट्टीचं ऐकणं. सून बोलते तेव्हा बहुतेक वेळा कुकर, मिक्सर, नळ यातलं काहीतरी चालू असतं, ते वेगळंच. (आणि स्वयंपाकघरातून बोलायची वेळ तिच्यावरच का येते, हा वेगळ्या पोस्टचा विषय.)

मग आपण ओरडतो. ओरडल्यावर जोर वाढतो तो मुख्यतः स्वरांचा. व्यंजनं होती तिथेच राहतात, उलट स्वरांखाली दबतात. शिवाय अशा कानाला बारीक आवाज ऐकू येत नाही, पण जरा मोठा झाला की एकदम अंगावर येतो. "अरे, ओरडतोस कशाला?" हा आजोबांचा प्रश्न अगदी रास्त आहे. आपला चेहरा चिडका दिसतो आणि ते उत्तर देतात चेहऱ्याला.

चेहरा खरं तर कामाची गोष्ट आहे. "पाट" की "ताट" हे कानाला कळलं नाही तरी ओठ मिटले का, ते दिसतं. "पोट" आणि "बोट" ओठांवर सारखेच दिसतात, पण त्यांतला फरक खालच्या पट्टीत बऱ्यापैकी ऐकू येतो. एकाची उणीव दुसरा भरून काढतो. मॅकगर्क आणि मॅक्डोनाल्ड या मानसशास्त्रज्ञांनी १९७६ साली दाखवलं होतं की कानावर "बा" पडत असताना ओठ "गा" म्हणताना दिसले, तर अनेकांना चक्क "दा" ऐकू येतं. धडधाकट कानांचंसुद्धा हेच होतं.

तर आधी हाक मारा आणि मान वळेपर्यंत थांबा. नाहीतर पहिले तीन शब्द हाकेतच वाया जातात. तीन-चार फुटांवर या, दुसऱ्या खोलीतून बोलू नका. खिडकीकडे तुमची पाठ नको, उजेड चेहऱ्यावर हवा. टीव्ही बंद करा, नुसता बारीक नको. नेहमीच्या आवाजात, वाक्याच्या तुकड्यांमध्ये किंचित थांबत बोला. शब्द ताणू नका. कळलं नाही तर तेच वाक्य तिसऱ्यांदा म्हणण्यापेक्षा बदलून सांगा. "साठ" ऐकू आलं नाही तर "सहा-शून्य" म्हणा. आणि "कळलं ना?" विचारूच नका, उत्तर "हो"च येणार. "मग गोळी किती वाजता घ्यायची?" असं विचारा.

कान तपासून घ्याच. कधीकधी नुसता मळ असतो. त्यासाठी तेल, काडी, पिन नको. बाजारातलं सगळेच आवाज सरसकट वाढवणारं स्वस्त यंत्र म्हणजे पैसे देऊन ओरडण्याची सोय. कानाचं मशीन ऑडिओग्रामप्रमाणे, म्हणजे कोणत्या पट्टीत किती कमी ऐकू येतं हे दाखवणाऱ्या तपासणीच्या आलेखाप्रमाणे, लावून घ्यावं लागतं. सवय व्हायला काही आठवडे लागतात, सुरुवात शांत खोलीत करावी. पहिल्याच दिवशी लग्नाच्या हॉलमध्ये घातलेलं मशीन दुसऱ्या दिवशी डबीत जातं.

एका कानाने अचानक, एक-दोन दिवसांत ऐकू येईनासं झालं तर मात्र "वयामुळे असेल" म्हणून थांबू नका. त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे जा. उपचार जितके लवकर, तितकं ऐकू परत येण्याची शक्यता जास्त.