काखेत गोवा

बेळगावचा माणूस गोव्याला जायचं ठरवतो तेव्हा सकाळी चोर्ला घाटानं निघतो आणि दुपारी पणजीत मासे खातो. आम्ही रात्रभर बसनं पाचशे किलोमीटर उलटं मुंबईला गेलो, तिथं बोटीत चढलो आणि दुसऱ्या दिवशी गोव्यात उतरलो. याला क्रूझ म्हणतात.

"मुरगावला लागली काय बोट?" काकूंचा फोन. "मग घरीच या की. रात्रीचा भात टाकते."

जाहिरातीत निळा समुद्र होता. मुरगाव बंदरात कोळसा होता. साडेचारच्या आत बोटीवर परत, नाहीतर बोट थांबणार नाही, असं बजावलेलं. म्हणून वास्को टॅक्सीच्या काचेतूनच पाहिलं. इथून लोंढ्यामार्गे बेळगावला थेट रेल्वे जाते, हे सौ.नी तेवढ्यात तीनदा सांगितलं. जुवारीच्या पुलावर टॅक्सीवाल्यानं भाडं सांगितलं. तेवढ्यात आम्ही दोघं चोर्ल्यानं येऊन, जेवून, परत गेलो असतो.

पणजीत जुन्या सचिवालयाशेजारी आबे फारियाचा पुतळा आहे. समोरच्या बाईवर दोन्ही हात रोखून तो तिला संमोहित करतोय. मी जरा जास्तच वेळ बघत राहिलो. बुकिंगच्या दिवशी माझ्यावरही कुणीतरी असेच हात रोखले असणार. समोर मांडवी. तिचं वरचं नाव म्हादई, उगम आमच्या खानापूर तालुक्यात. तिच्या पाण्यावरून २०१८ साली लवादाचा निकाल लागला, भांडण अजून चालूच आहे. पण गोव्याला यायचं तर कसं, हे तिला कळतं. उतारानं सरळ येते बिचारी.

फोंताइन्यासच्या रंगीत घरांपुढं फोटो काढून झाले आणि सौ. सवयीनं बाजारात शिरल्या.

"कुठनं आलासा?" भाजीवाल्यानं विचारलं.

"बोटीनं. मुंबईहून."

"गाव?"

"बेळगाव."

त्यानं हातातली भेंडी खाली ठेवली. मला नीट बघितलं. "ही पण तिथलीच. रात्री टेम्पोत बसली, पहाटे उतरली."

भेंडीकडं बघायची मला लाज वाटली.

"टेम्पो रिकामाच परत जातोय दोनला," तो म्हणाला. "पुढं दोघांची जागा हाय."

सौ. माझ्याकडं बघू लागल्या.

"अगं, बॅगा बोटीत आहेत."

"काय सोनं आहे त्यात?"

"दोन किलो कुंदा."

तेव्हा कुठं त्या टॅक्सीकडं वळल्या.