पाय दिसले का पाय?

रॉब लाइफेल्डच्या चित्रांना नावं ठेवायची असतील, तर आधी त्याचं नाव नीट घ्यायला शिका. स्पेलिंग बघून 'लीफेल्ड' म्हणालात की आमच्या बेळगावात गोवावेसच्या टपरीवर तुमचं मत कुणी विचारणार नाही. लाइफेल्ड. आपल्याकडे माणूस 'बेळगाव' म्हणतो की 'बेळगावी' एवढ्यावर त्याच्या सात पिढ्यांची परीक्षा होते, तेव्हा एका अमेरिकन कॉमिक्सवाल्याच्या आडनावाला एवढा मान द्यायला हरकत नाही.

नाव जमलं? आता खाली बघा. कॉमिक उघडल्यावर चेहरा, गोष्ट, संवाद यांत वेळ घालवायचा नाही, थेट पानाच्या तळाशी जायचं. भूत ओळखायचं तर पाय बघ, हे आजीनं शिकवलेलं आयुष्यात पहिल्यांदा इथं कामाला येतं. लाइफेल्डचे वीर धुरात उभे असतात, पडलेल्या भिंतीच्या ढिगाऱ्यात उभे असतात, दुसऱ्या कुणाच्या तरी मागे उभे असतात, आणि आडोसा मिळालाच नाही तर चौकटच नडगीवर संपते. मुलाचे पाय पाळण्यात दिसतात म्हणतात. याच्या मुलांचे रणांगणातही दिसत नाहीत. चुकून एखाद्या पानावर दिसलेच, तर दिवाळी समजा. दोन ब्याडगी मिरच्या टोकावर उभ्या केल्यासारखे ते पाय असतात आणि वरचा दीडशे किलोचा ऐवज त्यांच्यावर तोललेला असतो.

पायांवरून नजर उचललीत की ती खिशांवर ठेवा. कमरेला पट्टा, पट्ट्याला खिसे. मांडीला पट्टा, त्याला खिसे. दंडाला, खांद्याला, जिथं पट्टा बांधायला हाड आहे तिथं खिसे. शनिवारच्या बाजाराला खानापूरहून आलेला माणूससुद्धा एवढी तयारी करून येत नाही. या खिशांत असतं काय, असा प्रश्न मात्र तुम्ही मोठ्यानं विचारायचा आणि उत्तराची वाट न बघता 'निपाणीची सगळी तंबाखू मावेल की' असं म्हणून स्वतःच हसायचं. दात आवळलेले असतात, ते मोजायला बसू नका. बत्तिशीत हिशोब बसत नाही.

एवढ्यावर कुणी ऐकेना झालं तर ब्रह्मास्त्र आहेच, लाइफेल्डचा १९९६ सालचा कॅप्टन अमेरिका. बाजूनं काढलेला, आणि छाती अशी पुढं आलेली की तिच्यावर कुंद्याचे चार डबे ठेवून वर चहाचा कप ठेवता येईल. हे चित्र मोबाइलमध्ये कायम हाताशी ठेवा. त्या माणसानं हजारो चौकटी काढल्यात, पण बाकीच्यांकडे ढुंकूनही बघू नका. एका माणसाचं एकच चित्र बघून आयुष्यभराचं मत बनवलं की मत पक्कं राहतं.

वजन यावं म्हणून अधूनमधून 'के. बी. कुलकर्णींचं चित्रमंदिर ज्या गावात होतं, रवी परांजपे जिथं शिकले, त्या गावात आपण राहतो' हे वाक्य सोडत जा. त्या दोघांचं एकही चित्र तुम्ही पाहिलेलं नसलं तरी चालतं. समोरच्यानंही पाहिलेलं नसतं.

आता मुख्य गोष्ट. शिव्या घालायच्या तर पुस्तक विकत घेतलेलं असलं पाहिजे. फुकट्याच्या शिवीला धार नसते. १९९१ साली लाइफेल्डच्या 'एक्स-फोर्स' या कॉमिकचा पहिला अंक निघाला. बंद प्लास्टिकच्या पिशवीत एक कार्ड घातलेलं, आणि कार्डं पाच तऱ्हेची. म्हणून लोकांनी एकच अंक पाच पाच वेळा घेतला. एकूण खप पन्नास लाखांच्या घरात गेला. त्या पन्नास लाखांतला एकही गिऱ्हाईक आज भेटत नाही. निवडून आलेल्या आमदाराला आपण मत दिलं नव्हतं असं जसं सगळेच सांगतात, तसंच हे.

माझा मामेभाऊ सांगतो खरं. आमच्या शहापूर भागात या विषयातला अधिकारी माणूस तोच. नववीत असताना कॅम्पातल्या रद्दीवाल्याकडून त्यानं तो अंक आणला, अर्थात पिशवी फाडलेली आणि कार्ड गायब. त्या दिवसापासून आजतागायत तो त्या अंकाला शिव्या घालतोय. 'हे काय चित्र काय रे? मान कुठं हाय ह्याला? डोक्याखाली डायरेक्ट खांदे!' कुठल्या पानावर कुणाच्या हातात बोटं कमी आहेत, कुठल्या बाईची कंबर बांगडीतून जाईल, कुठल्या चौकटीतली बंदूक पुढच्या चौकटीत बदलली, हे सगळं तो झोपेतून उठवलं तरी सांगेल. तो अंक आजही त्याच्या गोदरेजच्या कपाटात आहे, दहावीचं मार्कशीट आणि घराचा उतारा यांच्या मधोमध, प्लास्टिकच्या कव्हरात. वहिनींना त्या कप्प्याला हात लावायची परवानगी नाही. लग्नाचा अल्बम माळ्यावर आहे. द्वेष करावा तर असा.

कधीतरी टपरीवर विरुद्ध पक्षाचा माणूस भेटणारच. तो पाय, मान, बोटं यांतलं काहीही मान्य करून टाकतो, आणि तिथंच पंचाईत होते. 'खरं जोश बघ की,' असं म्हणतो. १९९२ साली सात चित्रकारांनी मिळून 'इमेज' ही स्वतःची कंपनी काढली, त्यातला हा एक, हे ऐकवतो. 'तुझा तो नीट पाय काढणारा ड्रॉइंग मास्तर, त्यानं काढली काय कंपनी?' इथं गप्प बसाल तर हरलात. उत्तर पाठ करून ठेवा: 'कोण म्हणतं त्याला पाय काढता येत नाही? आधी मार्व्हलमधून, मग १९९६ साली स्वतःच काढलेल्या इमेजमधून, दोनदा काढता पाय घेतलाय त्यानं.' टाळी घ्या आणि चहाचे पैसे त्याला द्यायला लावा.

डेडपूल, तो सिनेमातला वात्रट वीर, आवडतो का? आवडू दे, लाजायचं कारण नाही. १९९१च्या 'न्यू म्युटंट्स'च्या अठ्ठ्याण्णवाव्या अंकात तो पहिल्यांदा दिसला आणि तो काढला लाइफेल्डनंच, ही अडचण आहे खरी. पण त्याचा लेखक होता फेबियन निसिएझा. तेव्हा हिशोब असा ठेवायचा की वात्रटपणा, विनोद, लोकप्रियता निसिएझाच्या खात्यावर, आणि खिसे लाइफेल्डच्या. २०१८च्या दुसऱ्या डेडपूल चित्रपटात तर खुद्द डेडपूलच, हे असलं ज्या चित्रकाराला सुचलं त्याला पाय काढता येत नसणार, अशा अर्थाचं बोलून जातो. २०२४च्या चित्रपटात रस्त्यावर लाइफेल्डच्या नावाची एक पाटीही दिसते, 'जस्ट फीट', म्हणजे फक्त पाय. पोरानं बापाची अशी काढलेली आपल्याकडे खपली नसती, पण ही थट्टा मूळ आपलीच होती, गोवावेसमधून चोरली, असं ठोकून द्यायला कुणाची हरकत नसते. मामेभाऊ ते शपथेवर सांगतो.

एकच धोका सांगून ठेवतो. तुम्ही चित्रातले एवढे जाणकार म्हटल्यावर कधी ना कधी कुणीतरी तुमच्याच हातात ब्रश देणार. आमच्या मंडळानं दिला. वैशाखातल्या शिवजयंतीला चित्ररथ निघायचा होता, देखावा घोडखिंडीचा. बाजीप्रभू सजीव, म्हणजे आमच्याच गल्लीतला तालमीत जाणारा पोरगा. मागचा पडदा रंगवायचा होता, त्यावर तीसेक मावळे. 'तू एवढं बोलतोस, तूच काढ की,' असं अध्यक्ष म्हणाले आणि मामेभाऊ तीन रात्री मंडपात बसला. आम्हाला आत सोडलं नाही.

मिरवणुकीच्या रात्री पडदा उघडला. मावळे झकास होते. छात्या भरदार, मिशा तलवारीसारख्या, दात आवळलेले. कमरेला शेला, शेल्याला बटवा, शेजारी आणखी एक बटवा. आणि गुडघ्याच्या खाली, या टोकापासून त्या टोकापर्यंत, तपकिरी रंगाचा एक जाड पट्टा.

मारुती गल्लीच्या तोंडाशी रथ थांबला तेव्हा एक आजोबा कठड्याला धरून वाकले आणि बराच वेळ खालीच बघत राहिले.

'पाय कुठं गेलेत रे ह्यांचे?'

'आषाढातली लढाई हाय आजोबा,' मामेभाऊ म्हणाला. 'चिखल नको काय?'