'लार्ज' ही पदवी नव्हे

होम थिएटर कसे जुळवावे हे सांगणारा एक संदेश गेले काही महिने व्हॉट्सॲपवर फिरत असून तो मला आजवर तीन परिचितांकडून आला आहे. त्याचे म्हणणे थोडक्यात असे: टॉवर (जमिनीवर उभे राहणारे उंच) स्पीकर असतील तर रिसीव्हरमध्ये, म्हणजे सगळे स्पीकर चालवणाऱ्या यंत्रात, ते 'लार्ज' ठेवावेत, क्रॉसओव्हर (इतर स्पीकर आणि खर्जाचा खास स्पीकर सबवूफर यांच्यातली कंपनसंख्येची सीमा) जितका खाली तितका आवाज शुद्ध, सबवूफर इतर स्पीकरपेक्षा 10 डेसिबल चढा असावा, मोजायला मोबाइलचे ॲप पुरते, आणि रिसीव्हरने स्वतः मोजलेले सबवूफरचे अंतर चुकीचे दिसले तर टेप लावून ते दुरुस्त करावे.

पहिल्या मुद्द्यावर जरा थांबायला हवे, कारण बाकीचा बराच गोंधळ तिथूनच निघतो. 'लार्ज' आणि 'स्मॉल' हे शब्द स्पीकरच्या उंचीविषयी नाहीतच. मेनूत ते शब्द घालणाऱ्यांकडे निम्मा दोष जातो, हे मात्र मान्य करावे लागेल. 'स्मॉल' निवडले की ठरावीक कंपनसंख्येखालचा खर्ज त्या स्पीकरपासून कापून सबवूफरकडे वळवला जातो, आणि 'लार्ज' निवडले की तो सगळा भार त्याच स्पीकरवर आणि त्याला चालवणाऱ्या ॲम्प्लिफायरवर राहतो. बंद पेटीतल्या वूफरला (स्पीकरमधल्या खर्ज वाजवणाऱ्या भागाला) तेवढाच आवाज एक सप्तक खाली द्यायचा तर आपला कंप पावणारा पडदा चौपट हलवावा लागतो; म्हणजे 80 हर्ट्झला अर्धा मिलिमीटर हलणाऱ्या पडद्याला 40 हर्ट्झला दोन आणि 20 हर्ट्झला आठ मिलिमीटर हलावे लागेल. पेटीला पोर्ट (हवा खेळवणारे भोक) असेल तर काही कंपनसंख्येपर्यंत सुटका होते, पण पोर्टच्या मर्यादेखाली पडद्याला आवरणारे काहीच उरत नाही. साडेसहा इंची वूफरकडून हे काम करून घ्यायचे आणि शेजारी त्यासाठीच विकत घेतलेला सबवूफर अर्धपोटी ठेवायचा, यात टॉवर स्पीकरचा कसला सन्मान?

क्रॉसओव्हर खाली नेल्याने शुद्धता वाढत नाही, भार तेवढा वाढतो. सिनेमाच्या आवाजाचे निकष ठरवणाऱ्या टीएचएक्सने सुचवलेला 80 हर्ट्झचा आकडा काही हवेतून आलेला नाही: त्या स्वराची तरंगलांबी सुमारे 4.3 मीटर असते आणि त्याखालचा आवाज कुठून येतो हे कानाला सहसा सांगता येत नाही. याउलट तो 150 पर्यंत चढवला तर पुरुषी आवाजाचा तळ सबवूफरच्या कोपऱ्यातून येऊ लागतो, तेही नको. रिसीव्हरच्या स्वयंचलित मोजणीने एखाद्या स्पीकरला 40 दिले असेल तर ते 80 करायला हरकत नाही. तिने 80 दिले असेल तर मात्र ते 40 करू नये, कारण तो स्पीकर तिथवर पोचत नाही हे तिने मोजून सांगितलेले असते. सबवूफरच्या पाठीमागचे क्रॉसओव्हरचे बटण शेवटपर्यंत वर ठेवावे, नाहीतर एकावर एक दोन फिल्टर बसतात. आणि एलएफईचा (चित्रपटातल्या खास खर्जाच्या स्वतंत्र वाहिनीचा) लो-पास, म्हणजे वरचे स्वर कापणारा फिल्टर, ही वेगळी गोष्ट आहे, तो 120 वरच राहू द्यावा.

दहा डेसिबलच्या सल्ल्यामागे अर्धे सत्य आहे. एलएफई वाहिनी इतर वाहिन्यांपेक्षा 10 डेसिबल चढी वाजावी अशी योजना असते खरी, परंतु ती उचल डीकोडिंग करताना, म्हणजे ध्वनिसंकेत उलगडतानाच, दिली जाते. रिसीव्हरच्या टेस्ट टोनवर (जुळवणीसाठीच्या आवाजावर) सगळे स्पीकर आणि सबवूफर 75 डेसिबललाच जुळवायचे असतात. त्यावर पुन्हा दहा चढवणे म्हणजे आमटीत दोघांनी मीठ घालणे. नंतर कोणी आवडीने तीन-चार डेसिबल वाढवले तर तक्रार नाही, फक्त त्याला मोजणी म्हणू नये.

मोबाइल ॲपपुरते एवढेच: ते 'ए' भारांकनावर (खर्ज कमी धरणाऱ्या मोजपद्धतीवर) असेल तर 40 हर्ट्झचा आवाज सुमारे 35 डेसिबल कमी दाखवते, आणि मग माणूस सबवूफर चढवत सुटतो. खर्ज फारसा न कापणारे 'सी' भारांकन आणि आकडा संथपणे बदलणारा 'स्लो' प्रतिसाद असलेला साधा मीटर घ्यावा, आणि तो नेहमीच्या बैठकीवर कानाच्या उंचीला धरावा.

अंतराची चूक मी स्वतः केली आहे. माझ्या हॉलमध्ये सबवूफर सोफ्यापासून टेपने 3.2 मीटर भरतो आणि रिसीव्हर 4.6 मीटर सांगत होता, म्हणून मी तो आकडा मोठ्या आत्मविश्वासाने 'सुधारला'. त्याच रात्री तबल्याचे ध्वनिमुद्रण लावले तर डग्ग्याची घुमक पार पातळ झालेली. सबवूफरच्या आतील फिल्टर आणि डिजिटल प्रक्रियेमुळे आवाज बाहेर पडायलाच उशीर होतो, आणि रिसीव्हर तो उशीर अंतराच्या भाषेत मांडतो, हे मला तेव्हा ठाऊक नव्हते. मी खोडलेले 1.4 मीटर म्हणजे सुमारे चार मिलिसेकंद, अर्थात 80 हर्ट्झच्या एका आवर्तनाचा जवळजवळ तिसरा हिस्सा; जिथे टॉवर आणि सबवूफर यांनी एकमेकांना साथ द्यायची नेमक्या त्याच जागी ते एकमेकांचे काम बिघडवत होते. आकडा पुन्हा 4.6 केला आणि डग्गा परत आला.