"नियमशास्त्र पाळल्याशिवाय तारण नाही" म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

आपल्या ख्रिस्ती ग्रुपांवर सध्या एक लांबलचक मेसेज फिरतोय, 'हिब्रू मुळांकडे परत या' असा. त्यात म्हटलंय की येशू हे नाव ग्रीक देव झ्यूसवरून आलंय म्हणून त्या नावाने केलेली प्रार्थना देव ऐकत नाही, रविवारची उपासना रोमन बादशहा कॉन्स्टंटाइनने घुसवली, आणि मोशेचं नियमशास्त्र, म्हणजे शब्बाथ (शनिवारचा विसावा), खाण्यापिण्याचे नियम, सुंता हे सगळं पाळल्याशिवाय कोणाचंही तारण नाही. शेवटी 'येशूने केला तसा' सेडर, म्हणजे यहुद्यांचं वल्हांडण सणाचं विधीभोजन, घरी करायचा विधीपण दिलाय. एरवी मी अशा फॉरवर्डच्या नादी लागत नाही पण हा माझ्या मावशीला तिच्याच प्रार्थनागटातून आला आणि तिने रात्री फोन करून विचारलं, "तुझे काका शेवटपर्यंत त्याच नावाने प्रार्थना करत गेले, मग ते सगळं फुकट का रे?" विधवा बाईला हा प्रश्न पडावा असं काहीतरी लिहून पाठवताना लोकांना काहीच कसं वाटत नाही!

नावाचं आधी उरकतो. ख्रिस्ताच्या जन्माच्या आधीच यहुद्यांनी स्वतः आपलं शास्त्र ग्रीकमध्ये आणलं, त्यात मोशेनंतरचा पुढारी यहोशवा याचं नाव (येशू हे हिब्रूत तेच नाव) त्यांनी 'येसूस' असंच लिहिलंय. तेच नव्या करारात आलं. झ्यूसचा संबंध नाही.

रविवारचं म्हणाल तर ३२१ साली कॉन्स्टंटाइनने त्या दिवशी सुट्टीचा कायदा केला हे खरं. पण त्रोवसमध्ये आठवड्याच्या पहिल्या दिवशी भाकर मोडायला विश्वासी जमले होते हे प्रेषितांची कृत्ये २०:७ मध्येच आहे, आणि १५० च्या सुमारास रोममध्ये जस्टिन मार्टर हा ख्रिस्ती लेखक रविवारच्या उपासनेचं सविस्तर वर्णन करतो, वाचन, प्रार्थना, भाकर-द्राक्षारस, विधवा-अनाथांसाठी वर्गणी. तेव्हा कॉन्स्टंटाइन जन्मायचा होता.

आता खरा मुद्दा, सुंता आणि तारण. आमच्या ओळखीतला एक तरुण हा मेसेज वाचून ऑपरेशनची चौकशी करतोय, आजार आहे म्हणून नाही, नरकाच्या भीतीने. म्हणून कृपा करून कृत्ये १५ उघडा. पहिल्याच वचनात यहूदीयातून काही लोक अंत्युखियाला येऊन शिकवतात की मोशेच्या रीतीप्रमाणे सुंता झाल्याशिवाय तुमचं तारण होणार नाही. म्हणजे हाच मेसेज! यावर साधारण ४९ साली यरुशलेमेत सभा भरली. निर्णय देणारे सगळे स्वतः यहुदी, नियमशास्त्रात वाढलेले. पेत्र उभा राहून विचारतो की जे जू आपल्या पूर्वजांना आणि आपल्यालाही पेललं नाही ते शिष्यांच्या मानेवर कशाला ठेवता? मग परराष्ट्रीयांना, म्हणजे यहुदी नसलेल्या विश्वासणाऱ्यांना, पत्र जातं, त्यात चारच गोष्टी, मूर्तींना वाहिलेलं, रक्त, गळा दाबून मारलेलं आणि जारकर्म यांपासून दूर राहा, याहून जास्त ओझं नाही.

मेसेजवाले यातलं २१वं वचन तेवढं उचलतात, मोशे दर शब्बाथाला सभास्थानात वाचला जातो, म्हणजे बाकीचं पुढे हळूहळू शिकायचं होतं म्हणे. पण पत्राच्या मजकुरात हे वाक्यच नाही. उलट पत्रात स्पष्ट आहे की ज्यांनी तुम्हाला घाबरवलं त्यांना आम्ही तसं सांगितलेलं नव्हतं. पौलाचा सोबती तीमथ्य याची सुंता झाली हेही ते पुढे करतात, पण त्याची आई यहुदी होती आणि पौल त्याला यहुद्यांमध्ये सोबत नेणार होता. पौलाचाच दुसरा सोबती, ग्रीक तीत, त्याला मात्र सक्ती झाली नाही. आणि सुंता करून घ्याल तर ख्रिस्ताचा तुम्हाला काही उपयोग होणार नाही, हे गलतीकरांस ५:२ मध्ये पौलच लिहितो.

गंमत नाही, गंभीरपणे सांगतो, यहुदी धर्मसुद्धा नियमशास्त्रातल्या ६१३ आज्ञा इतरांवर लादत नाही. इतरांसाठी ते नोहाचे सात नियम, म्हणजे सगळ्या माणसांसाठीचे मूलभूत नियम, सांगतात. शिवाय त्या ६१३ पैकी कितीतरी यरुशलेमेच्या मंदिराशी जोडलेल्या आहेत आणि ते मंदिर ७० साली पाडलं गेलं. मग हे लोक 'संपूर्ण नियमशास्त्र' पाळतात म्हणजे नक्की काय पाळतात?

एक गोष्ट मात्र मान्य करावी लागते. मंडळीने आपली यहुदी मुळं तोडली हे खोटं नाही. ३२५ च्या निकिया इथल्या बिशपांच्या सभेनंतर कॉन्स्टंटाइनने वल्हांडणाच्या तारखेबद्दल जे पत्र लिहिलं त्यात यहुद्यांबद्दल अतिशय वाईट भाषा आहे, आणि पुढे ख्रिसोस्तोम या धर्मगुरूची अंत्युखियातली यहुद्यांविरुद्धची प्रवचनं वाचून तर मान खाली जाते. आपले पाळकही लेवीय २३ मधल्या सणांवर क्वचितच बोलतात. ते शिकायलाच हवेत. पंडिता रमाबाईंनी हिब्रू-ग्रीक शिकून केडगावला अख्खं बायबल सोप्या मराठीत आणलं ते साध्या बायांना समजावं म्हणून, त्यांना घाबरवायला नाही.

सेडरबद्दल एवढंच की आजचा विधी मंदिर पडल्यानंतर घडत गेला, मिश्ना या यहुदी नियमसंग्रहात तो २०० च्या आसपास लिहिलेला सापडतो, त्यामुळे 'येशूने केला तसाच' असं कोणीही छातीठोक सांगू शकत नाही. तो यहुद्यांचा जिवंत सण आहे. शिकायचाच असेल तर आपल्या कोकणातले बेने इस्राएल हे यहुदी आहेत, शनिवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून ज्यांना शनिवार तेली म्हणायचे, अलिबागला त्यांचं मागेन अबोथ सभास्थान आहे. त्यांना आदराने विचारा, शोफार (यहुद्यांचं शिंगाचं वाद्य) विकत घेऊन स्टेजवर फुंकण्याआधी. आणि ज्यांनी हा मेसेज ग्रुपवर टाकलाय त्यांनी तो काढावा आणि त्याजागी कृत्ये १५ टाकावा, अख्खा अध्याय.