रंगा भट, विनायक पंडित, अप्पू भट

ही तीन नावं तुमच्यापैकी किती जणांनी ऐकलीत, हे मला खरंच जाणून घ्यायचंय. मी वनस्पतीशास्त्र शिकले, पुढे बावीस वर्षं कॉलेजात तेच शिकवलं. लिनियस, हूकर, कुक ही वनस्पतींची शास्त्रीय नोंद करणारी युरोपी मंडळी जिभेवर होती. या तिघांची गाठ पडायला मात्र चाळिशी उलटावी लागली. तीही एका रात्री, लॅपटॉपवर, दुसरंच काही शोधताना.

शोधत होते कुडा. कोकणातल्या माणसाला कुडा काय ते सांगायला नको. उन्हाळ्यात झाड पांढऱ्या फुलांनी भरतं, फुलांची भाजी होते, कोवळ्या शेंगांची होते. आणि आव पडायला लागली की आजी कुड्याची साल ताकात उगाळून द्यायची. ती कडू चव अजून आठवली की जीभ आत ओढली जाते. शास्त्रीय पुस्तकांत या झाडाला कित्येक वर्षं 'होलऱ्हिना अँटिडिसेंटेरिका' म्हणत. अँटिडिसेंटेरिका म्हणजे आवेवरचा. (आता नाव बदलून 'प्युबेसन्स' झालंय.) आजीचं हे औषध छापील कागदावर किती मागे सापडतं ते मला बघायचं होतं. माग काढत काढत 'हॉर्टस मलबारिकस' या, मलबारच्या म्हणजे केरळ किनाऱ्याच्या वनस्पतींवरच्या ग्रंथापाशी पोचले. त्याच्या पहिल्याच खंडात कुडा भेटला, 'कोडगपाला' या मल्याळी नावाने, चित्रासकट.

चित्र सुंदर आहेच. पण माझी नजर अडकली ती चित्रावर लिहिलेल्या नावांवर. एकाच झाडाची नावं रोमन लिपीत, मल्याळी लिपीत, अरबीत आणि चक्क आपल्या नागरीत! पुस्तक लॅटिन, छापलेलं अ‍ॅमस्टरडॅमला, साल १६७८. शिवाजी महाराज हयात होते तेव्हा. मग मी पानं उलट चाळत पुस्तकाच्या सुरुवातीला गेले. लॅटिन मजकूर संपतो आणि एकदम नागरी अक्षरांचा मजकूर समोर येतो. तो आहे या तिघा वैद्यांचा दाखला, ग्रंथातली माहिती खरी असल्याचा. कोचीन, १६७५. रंगा भट, विनायक पंडित, अप्पू भट. भाषा कोंकणी.

मी त्या पानावर किती वेळ थांबले सांगता येणार नाही. मोठं करून एकेक अक्षर लावत बसले. ही अक्षरं तांब्याच्या पत्र्यावर उलटी कोरायची, आरशात दिसावीत तशी, म्हणजे कागदावर सुलटी उमटतात. कोरणाऱ्या कारागिराला नागरी येत असेल असं मानायला काही आधार नाही. त्याच्या दृष्टीने ती नुसती नक्षी. तरीही साडेतीनशे वर्षांनी माझ्यासारखी बाई सिंधुदुर्गातल्या एका घरात बसून ती वाचू शकते.

आता हे पुस्तक झालं कसं, ते सांगते.

१६६३ मध्ये डचांनी पोर्तुगीजांकडून कोचीन घेतलं. काही वर्षांनी तिथे मलबारचा प्रमुख म्हणून हेंड्रिक व्हॅन रीड आला. जन्म १६३६ चा, म्हणजे अजून पस्तिशीही न गाठलेला, पेशाने शिपाईगडी. डच कंपनीच्या दवाखान्यांत औषधं युरोपातून बोटीने यायची, महिनोन्‌महिने प्रवास करून. रीडने पाहिलं की इथल्या वैद्यांकडे दाराबाहेरच्या झाडापाल्याची औषधं आहेत. शिवाय कंपनीत राजकारण होतं. त्याचा वरिष्ठ व्हॅन गोएन्स याला सगळा भार सिलोनवर द्यायचा होता, आणि मलबारची जमीन किती समृद्ध आहे हे रीडला दाखवून द्यायचं होतं. हेतू सरळसरळ व्यापाराचा आणि सत्तेचा होता. त्याला ज्ञानयज्ञ वगैरे म्हणायला मी तयार नाही.

पण काम अफाट झालं. १६७८ ते १६९३, पंधरा वर्षांत बारा खंड. ७४२ वनस्पती, त्यांची सुमारे ८०० चित्रं. पुढे लिनियसने मलबारच्या झाडांसाठी याच ग्रंथाचा आधार घेतला. इथली झाडं त्याने कधी डोळ्यांनी पाहिली नव्हती.

यातली बरीचशी माहिती सांगणारा माणूस होता इट्टी अच्युतन. चेरतलाजवळच्या कडक्करपळ्ळीचा, कोल्लाट घराण्यातला पिढीजात वैद्य, समाजाने इळवा. तो मल्याळीत सांगणार, मान्युएल कार्नेरो नावाचा दुभाषा ते पोर्तुगीजमध्ये करणार, आणि तिथून ते लॅटिनमध्ये जाणार. विचार करा, 'आवेवर साल उगाळून द्यावी' एवढं वाक्य तीन भाषांचे उंबरठे ओलांडून कागदावर पोचत होतं. वाटेत काय सांडलं, काय बदललं, याची शंका युरोपातला वाचक घेणारच. म्हणून रीडने दाखले मागितले. अच्युतनने त्याच्या लिपीत लिहून दिलं, आमच्या तिघांनी नागरीत, दुभाषानेही आपला दाखला दिला. आणि रीडने ते सगळे, मूळ लिपीत, पहिल्या खंडाच्या सुरुवातीलाच छापले.

माझ्यासाठी या ग्रंथातली सगळ्यात मोठी गोष्ट ही आहे. त्या काळच्या उतरंडीत इळवा वैद्य आणि भट-पंडित एका ओसरीवरही बसले नसते. ग्रंथात त्यांचे दाखले शेजारी शेजारी आहेत.

तिघे वैद्य मूळ आपल्या बाजूचे. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांच्या धर्मछळाला कंटाळून गोव्यातली अनेक कोंकणी कुटुंबं देव घेऊन दक्षिणेला निघाली, त्यातली बरीच कोचीनच्या राजाच्या आश्रयाला गेली. अजूनही कोचीला मट्टांचेरीच्या चेरलाई भागात गेलात तर कानावर कोंकणी पडते आणि आपण कुठे आहोत असा क्षणभर प्रश्न पडतो. हे तिघे त्या वस्तीतले. घर सुटलं, गाव सुटलं, पण निघंटू, म्हणजे औषधी वनस्पतींचा कोश, बरोबर नेला. नेला म्हणजे पोथीत असेल तेवढाच नव्हे, डोक्यात.

हे मी भावनेच्या भरात म्हणत नाही. रीडने तिसऱ्या खंडाच्या प्रस्तावनेत या ब्राह्मण वैद्यांच्या चर्चेचं वर्णन केलंय. वनस्पतींची नावं आणि गुण त्यांना श्लोकांत पाठ असत. कुठलंही झाड पुढे ठेवा, त्याचा श्लोक म्हणून दाखवत. एकमेकांशी मत जुळलं नाही तरी आवाज चढत नसे, दुसऱ्याचं पूर्ण ऐकून घेत, जुन्या आचार्यांचा दाखला देऊन मुद्दा मांडत. रीड ती चर्चा बघायला आवडीने बसे. मला ती बैठक डोळ्यांपुढे दिसते. दमट हवा, मध्ये कुठल्यातरी झाडाची ताजी तोडलेली फांदी, आणि 'नाही, हे ते नव्हे, पान बघा' असं कुणीतरी शांतपणे म्हणतंय.

जरा विषयांतर करते, पण राहवत नाही. गोव्यात १६१६ मध्ये फादर स्टीफन्सचं 'ख्रिस्तपुराण' छापलं गेलं. मराठी ओव्या, पण रोमन लिपीत, कारण नागरीचे खिळे, म्हणजे छपाईची सुटी धातूची अक्षरं, नव्हती. खिळे जुळवून छापलेलं मराठी व्याकरण बंगालमधल्या सेरामपूरला विल्यम केरी या मिशनऱ्याने काढलं ते १८०५ ला. या दोन सालांच्या मधे, सेरामपूरच्या १२७ वर्षं आधी, अ‍ॅमस्टरडॅमच्या छापखान्यात कोचीनच्या तीन वैद्यांचं नागरी हस्ताक्षर कागदावर उमटलं होतं. युरोपात छापलेल्या अगदी सुरुवातीच्या नागरी मजकुरांपैकी हा एक. आपल्या मुद्रणाच्या इतिहासाबद्दल आपण बोलतो तेव्हा या पानाची आठवण काढायला हवी असं मला मनापासून वाटतं. आणि कृपा करून खाली 'ही मराठी की कोंकणी' हा वाद नको. कोंकणी आहे. तिचा मान तिलाच.

आता हे सगळं आज का लिहितेय ते सांगते.

काही वर्षांपूर्वी आमच्या भागातल्या रानभाज्या आणि औषधी वनस्पतींची पाहणी झाली. मी त्यात होते. आम्ही चौघं शिकलेले, हातात जीपीएस, पुस्तकं, नमुने दाबून वाळवायला रद्दीचे गठ्ठे. आणि आमच्यापुढे चालणारी एक मावशी. वय पासष्टच्या पुढे, शाळेचं तोंड न पाहिलेली, पायात साध्या स्लिपरा. तिने आम्हाला काय काय दाखवलं! कुठली शेवळं खाजरी, कुठला कंद दोनदा उकळून पाणी टाकल्याशिवाय खायचा नाही, कुठल्या पाल्याला गुरं तोंड लावत नाहीत. एका वेलीसमोर आम्ही पुस्तकं उघडून अर्धा तास घोळ घालत होतो. तिने एक पान चुरगळलं, माझ्या नाकाशी धरलं आणि म्हणाली, "वास घी गो. आता सांग, तुका वाटता तीच काय ही?" ती नव्हती. आमचं चुकलं होतं.

अहवाल आला. गुळगुळीत कागद, रंगीत फोटो. आमच्या चौघांची नावं पदव्यांसकट. मावशीच्या माहितीपुढे लिहिलं होतं 'स्थानिकांच्या मते'. मी विचारलं तेव्हा उत्तर मिळालं की अशी पद्धत नसते, शेवटी आभारात 'सर्व ग्रामस्थ' घेतलंय ना. मी तेव्हा वाद घातला नाही. तो घालायला हवा होता, हे मला आजही टोचतं.

म्हणून ते १६७८ चं पान बघून माझ्या पोटात कालवलं. सतराव्या शतकातला व्यापारी कंपनीचा अधिकारी, ज्याला या लोकांवर राज्य करायचं होतं, त्याला आपल्या ग्रंथात त्यांची नावं, त्यांच्या भाषेत, त्यांच्या अक्षरात घालावीशी वाटली. स्वतःची पत राखायला का होईना, घातली. आणि आपल्याच गावच्या बाईचं नाव आपल्याच भाषेतल्या अहवालात घालायला आपल्याकडे 'पद्धत नसते'.

त्याही आधीचं सांगते. गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याचं औषधींवरचं पुस्तक गोव्यात १५६३ मध्ये छापलं. संवादरूपात आहे. त्यात अंतोनिया नावाची त्याच्या घरातली दासी येते. ओर्ता हाक मारतो आणि ती झाडाची फांदी, फळ आणून देते. बस, एवढंच. आडनाव नाही, गाव नाही. पण अंतोनिया म्हणून का होईना, ती पुस्तकात उरली.

नावं कुणाची टिकतात तेही बघा. रीडच्या नावावरून लिनियसने 'ऱ्हेडिया' ही प्रजाती ठेवली. ग्रंथाच्या सुरुवातीच्या खंडांचा लॅटिन मजकूर लिहिणारा पाद्री कॅसेरियस, त्याच्या नावाची 'कॅसेरिया' आपल्या सह्याद्रीत आहे, बोखाडा ही तिच्यातलीच एक जाती. इट्टी अच्युतनची आठवण ब्लूमे या शास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकात ठेवली, 'अ‍ॅक्युडेमिया' हे नाव देऊन. रीड स्वतः डिसेंबर १६९१ मध्ये कोचीनहून सुरतेला जाताना बोटीवरच गेला, मुंबईच्या किनाऱ्याजवळ. सुरतेच्या डच दफनभूमीत त्याची भलीथोरली कबर आहे. बारावा खंड निघालेला त्याने पाहिला नाही.

अच्युतन आज केरळात अनेकांना माहीत आहे, त्याचं श्रेय फार मोठ्या प्रमाणात डॉ. के. एस. मणिलाल यांचं. कालिकत विद्यापीठातले वनस्पतीशास्त्राचे प्राध्यापक. या माणसाने आयुष्यातली पस्तीसहून अधिक वर्षं या एका ग्रंथाला दिली. ग्रंथातली झाडं मलबारभर फिरून पुन्हा शोधली, लॅटिन लावलं, आणि २००३ मध्ये बाराही खंड इंग्रजीत आणले. मूळ ग्रंथानंतर सव्वातीनशे वर्षांनी! २००८ मध्ये मल्याळीत. २०२० मध्ये पद्मश्री मिळाली, आणि २०२५ च्या १ जानेवारीला ते गेले. त्यांना भेटायचं माझं राहून गेलं.

मल्याळी माणसाला मल्याळीत हा ग्रंथ वाचता येतो. आमच्या तिघांचा दाखला ज्या लिपीत आहे त्या लिपीत वाचणाऱ्यांसाठी, मराठीत म्हणा, कोंकणीत म्हणा, निदान पहिला खंड तरी नीट टिपांसह यायला हवा. त्यातली नागरी नावं एकेक करून आजच्या मालवणी, गोव्याच्या आणि कोचीच्या बोलीतल्या नावांशी ताडून बघायला हवीत. माझ्या अंदाजाने कितीतरी शब्द जसेच्या तसे मिळतील. मी माझ्यापुरती सुरुवात केली आहे. पंचवीसेक झाडं झालीत, काम हळू चाललंय, कारण जुनं वळण लावायला वेळ लागतो. कुणाला मोडी-नागरीचं जुनं वळण वाचता येत असेल, किंवा कुणाचे नातेवाईक कोचीच्या कोंकणी वस्तीत असतील आणि या तिघांच्या घराण्यांबद्दल काही ऐकून असतील, तर मला जरूर कळवा.

वहीत आता एक रकाना वाढवलाय, 'सांगणाऱ्याचं नाव, गाव'. ही पोस्ट टाकायच्या आधी मी मावशीकडे गेले होते. म्हटलं, मावशी, तुझ्याबद्दल लिहितेय, नाव घालू ना? ती अंगणात काजूच्या बिया पसरत होती. हात न थांबवता म्हणाली, "फेसबुकार नको गो बाय. पुस्तकात घाल."