कप कुठला, शीग कुणाची

आमच्या घरात केकचं खातं लेकीकडं आणि हिशेबाचं माझ्याकडं. बँकेत नोकरी केलेल्या माणसाला घरचे आयुष्यभर कॅल्क्युलेटरच समजतात. लेकीनं मोबाइल पुढं धरून “बाबा, हे कपातलं सगळं ग्रॅममध्ये करून द्या की” म्हटलं, तेव्हा मी पेन्सिलीला टोक काढून ऐटीत बसलो. गुणाकार तर करायचा!

पण कप कुठला? अमेरिकेतला साधारण 240 मिलिलिटरचा, ऑस्ट्रेलियातला 250, जपानमधला 200. पाककृतीवाल्या बाईनं आपल्या मांजराबद्दल भरभरून लिहिलं होतं, देशाबद्दल अवाक्षर नाही. शेवटी लोणी ‘स्टिक’मध्ये, म्हणजे अमेरिकी पद्धतीच्या कांड्यांत मोजलंय, तेव्हा बाई अमेरिकेची, असा मी निवाडा दिला.

कप ठरला, तरी सुटका नाही. त्याच कपात साखर 200 ग्रॅम बसते, मैदा जेमतेम 120, कोको 85 आणि मध तब्बल 340. लोणी 227. आता आमच्याकडं लोण्याचं पाकीट मिळतंय 100 ग्रॅमचं. म्हणजे दोन संपवून तिसरं फोडायचं, ते 27 ग्रॅमसाठी! उरलेलं लोणी सकाळी थालीपिठावर घालून मी निकालात काढलं. हिशेबनिसाला तेवढी दस्तुरी चालते.

खरा छळ मैद्याचा. चमच्यानं हलक्या हातानं भरून वर सुरी फिरवली, तर कपात 120 ग्रॅम. कप सरळ डब्यात खुपसून काढला, तर 150. चार कपांच्या केकला अख्खा एक कप मैदा जादा, आणि कुणी काटा मारलेला नाही! हे मी लेकीला समजावत होतो, तर आतनं आईचा आवाज आला.

“शीग लावायची, की वरनं हात फिरवायचा, ते इचारलास काय आधी?”

शीग म्हणजे मापाच्या काठावर चढवलेली रास; हात फिरवला, की ती गेली. आईचं माहेर बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातलं, भाताच्या मुलखातलं. निळवं, कोळवं, चिपटं, मापटं, शेर, पायली ही धान्याच्या मापांची उतरंड तिला पाढ्यासारखी पाठ. मापात किती बसतंय ते भरणाऱ्याच्या हातावर असतंय, हे तिला कुठल्या अमेरिकन बाईनं सांगायची गरज नव्हती. “घेणारा शीग लावतोय, देणारा हात फिरवतोय,” एवढं बोलून ती लसूण सोलायला लागली.

1956 साली बेळगाव म्हैसूर राज्यात, म्हणजे आताच्या कर्नाटकात घातलं, आणि शेर-मण जाऊन किलो यावा म्हणून कायदा झाला तोही त्याच वर्षी. पहिल्या प्रकरणाचा दावा 2004 पासून सुप्रीम कोर्टात आहे. दुसरं आमच्या आईनं अजून मान्य केलेलं नाही. भाताला तांदूळ ती अजून पितळी मापट्यानंच काढते.

आमच्या डिजिटल काट्याचीही तऱ्हा न्यारीच. आम्ही शीग-हात वाद घालत बसलो, की तो कंटाळून आपोआप बंद. पुन्हा चालू केला, की ठेवलेलं भांडं धरून शून्य! बेकिंग पावडर टाकली तर त्याला पत्ताच लागत नाही. एक चमचा म्हणजे चारेक ग्रॅम, तेही चिमटीनं टाकलेलं. काटा आपला ढिम्म. बेकिंग पावडर चमच्यानंच राहू दे, असं मी कागदावर तांबड्या शाईनं लिहिलं आणि खाली सही ठोकली. सवय.

केक फर्मास झाला. वास शेजारच्या अक्कांपर्यंत गेला, त्या पाककृती मागायला आल्या. मी मोठ्या अभिमानानं ग्रॅमचा कागद पुढं केला.

“ग्रॅम बेडा वो, नको,” अक्का म्हणाल्या, “आमच्यात काटा कुठला? वाटीत सांगा की.”

“कुठली वाटी?” मी विचारलं.

अक्का घरी जाऊन स्टीलची वाटी घेऊन आल्या. मी मैदा भरला, वर सुरी फिरवली, काट्यावर ठेवून आकडा लिहून घेतला.

“आता शीग लावून बघ,” आई म्हणाली.